काळ्या खडकापासून पेट्रोलवर

जानकीपुरम, लखनौ
१६ सप्टेंबर २०२५

चि. आत्मारामास अनेक आशीर्वाद.

खाडीच्या तोंडाकडून यायचा तो आवाज तुला आठवतो का? आधी नुसता घोगरा. कुणीतरी घोंगडीत तोंड खुपसून खोकतंय असा. आई पडवीत बसलेली असायची, पण मान वर करायची नाही. मग होडी काळ्या खडकाशी आली की बाबा रॉकेलची तोटी बंद करून पेट्रोलची उघडायचे. थोडा वेळ तसाच जायचा, आणि मग तोच आवाज एकदम गळा साफ केल्यासारखा मोकळा व्हायचा. आई तेव्हा उठायची. आधणात तांदूळ वैरायची. बाबा होडी बांधून, इंजिन पुसून, विहिरीवर पाय धुऊन पाटावर येईपर्यंत भात उतरलेला असायचा. एक शीत कधी कच्चं निघालं नाही.

सातवीत असताना मी त्यावर दोन ओळी केल्या होत्या. मास्तरांनी नुकतंच भुजंगप्रयात शिकवलं होतं, टाळ्या वाजवून. लगागा लगागा लगागा लगागा. मला वाटलं, अरे, हे तर बाबांचं इंजिन!

कुठे दूर खाडीत आवाज झाला
चुलीला कळे की घरी बाप आला

मास्तर म्हणाले, "रमाकांत, बाप नव्हे, वडील लिहावं." मी म्हणालो, "मास्तर, वृत्त मोडतं." ते हसले आणि वहीवर लाल शाईने लिहिलं, 'वृत्त चांगले, वळण सुधारा.' तू तेव्हा तिसरीत होतास. त्या ओळी वर्गात म्हणून दाखवून मार खाल्लास तू, कारण त्या तुझ्या म्हणून सांगितल्या होत्यास.

छत्तीस वर्षांनी पत्र लिहितो आहे आणि सुरुवात ही अशी. वेगळी कुठून करू ते कळेना.

कारण असं घडलं. परवा रविवारी नक्खासच्या बाजारात गेलो होतो. पिंजऱ्यातले पक्षी, बंद पडलेली घड्याळं, कुणाच्या तरी आजोबांचे चष्मे, असलं सगळं फुटपाथवर मांडून बसतात तिथे. दोन जुन्या कूलरच्या मध्ये होडीचं एक इंजिन भिंतीला टेकून उभं होतं. होडीच्या मागे अडकवायचं, लांब पायाचं. बगळ्यासारखं, एका पायावर. रंग उडालेला, पंख्याचं एक पातं मोडलेलं, दोरीच्या जागी नायलॉनची सुतळी. आणि डाव्या अंगाला दोन तोट्या, एक पेट्रोलची, एक रॉकेलची. थेट आपल्या बाबांच्या इंजिनाचा भाऊ.

विकणारा म्हणाला, "बाबूजी, ये ले जाइए, पंप बना लीजिएगा." मी रिक्षात घालून घरी आणलं.

तुझी वहिनी दारातच उभी. "अहो, परवल आणायला गेला होतात ना?"

"मिळाले नाहीत."

"मग हे काय, भाजी करू याची?"

आता ते मागच्या अंगणात पेरूखाली आहे. मी ते चालू करणार आहे. एवढंच कळवायचं होतं. त्या वर्षीच्या गणपतीत आपलं इंजिन गेलं, ते जुनंच होतं, आज ना उद्या जाणारच होतं. तू ते मनात ठेवलंस असं मला वाटतं. असो. उत्तराची घाई नाही. चि. सौ. चेतनाला आणि पूर्वाला आशीर्वाद.

दादा


२८ सप्टेंबर २०२५

चि. आत्मारामास अनेक आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. मी म्हणालोच होतो, घाई नाही.

दोन आठवडे झाले. इंजिन हूं की चूं करत नाही. प्लग नवा घातला. वायर बदलली. सुतळी काढून चांगली सुती दोरी बांधली आणि रोज सकाळी चहा झाला की वीस-वीस हिसके मारतो. उजवा खांदा आता मला शर्ट घालू देत नाही. तुझी सुलभावहिनी खिडकीतून मोजते. "सतरा. अठरा. अहो, पुरे. सदतीस वर्षं डिझेल शेडमध्ये काढलीत, तीन-तीन हजार घोड्यांची इंजिनं ओरडून चालू केलीत, आणि हे एवढंसं भांडं ऐकेना तुमचं?"

तिला काय सांगू. डिझेलला प्लग नसतो, कार्ब्युरेटर नसतो. डिझेल म्हणजे गद्य, जोर दिला की चालतं. हे पेट्रोलचं काम नाजूक. वाफ, ठिणगी, हवा, सगळं आपल्या मात्रेत पडलं तर चालणार, नाहीतर नाही. सगळं उघडून पाहिलं मी, फक्त कार्ब्युरेटरला हात लावला नाही. का, ते पुढे कधी सांगेन. किंवा नाही सांगणार.

हिसके मारून दमलो की पेरूखाली खुर्ची टाकून बसतो आणि तुझे हात आठवतात. तू बारा-तेरा वर्षांचा असशील. बाबांना हिवताप होता आणि पलीकडून लग्नाचं वऱ्हाड आणायचं होतं. तू पाटावर उभा राहिलास, कारण त्याशिवाय हात पोचेना. इंजिनावर तळवा ठेवलास, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा, थोडा थांबलास आणि एका हिसक्यात चालू केलंस. मी कॉलेजातून सुट्टीवर आलो होतो. हातात कवितांचं पुस्तक. धक्क्यावरून बघत होतो. आत्माराम, खरं सांगतो, मला तेव्हा तुझा अभिमान वाटायला हवा होता. नुसता अभिमान वाटला नाही.

बाबा म्हणायचे, "हा शिकला नाही तरी चालेल, याच्या हाताला कान आहेत." आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "तू शीक बाबा."

म्हणून तर मी शिकलो.

तुझी सारंगाची परीक्षा कोणत्या महिन्यात होती, ते मी परवा सुलभाला विचारत होतो. ती म्हणाली, "सप्टेंबरात. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्हाला आठवत नाही?" आठवतं. अकरा वाजता रत्नागिरीला पोचायचं होतं तुला. सरकारी लाँचवर सारंग, लाँच चालवायची. पेन्शनची नोकरी. त्यासाठी सकाळी साताला खाडी ओलांडून पलीकडची एस. टी. धरायची होती.

आदल्या संध्याकाळी होडी माझ्याकडे होती, हे तुला आठवत असेल. नसेलही. सुलभाच्या माहेरचे दोघे आले होते, त्यांना काळ्या खडकापर्यंत फिरवून आणलं होतं मी.

आज एवढंच. खांदा दुखतो.

दादा


१२ ऑक्टोबर २०२५

चि. आत्मारामास अनेक आशीर्वाद.

आज तुला एका माणसाबद्दल लिहायचं आहे, आणि त्याच्या आडोशाने आणखी एक गोष्ट.

आमच्या इथे पाण्याच्या टाकीमागे राघव मिस्त्रीचं दुकान आहे. साठीचा असेल. पूर्वी लखनौत वीज दिवसातून आठ-आठ तास जायची, तेव्हा हज़रतगंजातल्या एकूणएक दुकानाबाहेर छोटा जनरेटर धडधडायचा. पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की रॉकेलवर टाकायचा. राघव ते दुरुस्त करायचा. आता इन्व्हर्टर आले, वीज जात नाही, दुकानात धूळ खाणारे जनरेटर आणि त्यांच्यामध्ये हा, देवळात पुजारी बसतो तसा.

सुलभाच मला तिथे घेऊन गेली. म्हणजे मी येत नव्हतो, तिने इंजिन हातगाडीवर चढवलं आणि मला म्हणाली, "तुम्ही नाही आलात तरी चालेल." मग गेलो.

राघवने इंजिनाला हात लावला नाही आधी. भोवती एक चक्कर मारली. मला विचारलं, "बाबूजी, आप क्या थे?"

"रेल्वे. डिझेल इंजीनियर."

"अच्छा," तो म्हणाला, "तभी." आणि हसला. वाईट नाही हसला. "बाबूजी, ये रेलगाड़ी थोड़े है कि ज़ोर लगाए और चल दी."

मग त्याने कार्ब्युरेटरच्या खालची वाटी सोडवली. एक स्क्रू बसला होता घट्ट. मी असतो तर पक्कड लावली असती. त्याने तेलाचा एक थेंब टाकला आणि स्टुलावर बसून चहा मागवला. मी म्हणालो, "फिर?" तर म्हणतो, "पेंच को सोचने दीजिए."

चहा संपल्यावर स्क्रू दोन बोटांनी निघाला. आतून चिकट, तपकिरी, डिंकासारखं काहीतरी ओघळलं. राघवने ते बोटावर घेतलं, नाकाशी नेलं. डोळे मिटले. आमच्या मास्तरांना एखादी ओळ आवडली की ते असे डोळे मिटायचे. मग म्हणाला,

"किसी ने मिट्टी के तेल पर ही बंद कर दिया इसको. आख़िर में पेट्रोल पर लाया नहीं. बस. अगली सुबह ठंडे में कहाँ से उठेगा बेचारा? लोग समझते हैं मर गया. मरा नहीं होता बाबूजी, बेहोश होता है. कटोरी ख़ाली करो, दो घूँट पेट्रोल पिलाओ, पाँच मिनट का काम है."

पाच मिनिटं.

आतू, मी त्या दुकानात एका जनरेटरवर बसलो. सुलभाने माझ्याकडे पाहिलं. ती मला बेचाळीस वर्षं ओळखते. तिने राघवला म्हटलं, "भैया, इनको पानी दीजिए."

त्या संध्याकाळी परत येताना काळ्या खडकाशी मी तोटी फिरवली नाही. फिरवायची हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जन्मभर ऐकलं होतं. पण पाहुणे होते होडीत, आणि त्यातल्या एकाने विचारलं, हे पेट्रोलचं काय मधेच? मी म्हणालो, "जुन्या लोकांचे सोपस्कार. इंजिनाला काही फरक पडत नाही." आणि रॉकेलवरच धक्क्याला आणलं, रॉकेलवरच बंद केलं. त्यांच्यासमोर रुबाबात बटण दाबलं.

आई तेव्हा होती. तिने आत तांदूळ वैरले नव्हते. पाहुणे अर्धा तास उपाशी बसले. ती म्हणाली, "आवाज कसा आला नाही रे आज?" मी म्हणालो, वारा पलीकडचा होता.

हे तुला ठाऊक नव्हतं. आता आहे.

दादा


२६ ऑक्टोबर २०२५

चि. आत्मारामास अनेक आशीर्वाद.

दिवाळी झाली. तुझ्याकडून काही नाही. ठीक आहे. मीच मागच्या पत्रात अर्धं सांगून थांबलो, तर उत्तर कशाचं येणार.

उरलेलं अर्धं आज लिहितो. सकाळपासून तीन वेळा कागद फाडला. सुलभा म्हणाली, "आता फाडलात तर मीच लिहीन."

सकाळी सात. धक्क्यावर उतारू उभे होते, पंधरा-वीस तरी. तू पांढरा शर्ट घालून आलास, पॅन्टला कडक इस्त्री, कागदांची पिशवी छातीशी. तुझी बायको नवी नवरी होती, चार महिन्यांची. ती चहाची किटली घेऊन मागे. तू दोरीला हात घातलास तर मी म्हणालो, "थांब, कपडे खराब होतील, मी करतो." दहा हिसके, वीस हिसके. इंजिन गप्प. तू पुढे आलास. नाकपुड्या हलल्या तुझ्या, मी पाहिलं. तू इतकंच म्हणालास, "दादा, मी बघू का?"

मी म्हणालो, "इंजिनियर तू की मी?"

लोक हसले. आणि मग मी, ज्याने आयुष्यात कार्ब्युरेटर उघडला नव्हता, तो होडीत वाकून उघडला. तुला वाटलं असेल, उघडतोय तर वाटी रिकामी करेल. मी वाटी नाही काढली. मी वरचा पितळी स्क्रू काढला, त्याच्या मागचा तो बारीक भोकाचा तुकडा, पेट्रोल ज्यातून जातं तो जेट. गव्हाच्या दाण्याएवढा. तो माझ्या बोटांतून निसटला. फळीवर एकदा टण् झालं. मग फटीतून गेला, की काठावरून पाण्यात, ते मला आजही ठाऊक नाही. मी कुणाकडे पाहिलं नाही. स्क्रू परत लावला. उभा राहिलो आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हे इंजिन संपलंय. याने नीट ठेवलंच नाही. तेलपाणी नाही, साफसफाई नाही. भंगारात काढा."

तू वल्ही काढलीस आणि लोकांना वल्हवत पलीकडे नेलंस, पांढऱ्या शर्टात. एस. टी. गेली होती. साडेबाराला पोचलास असं नंतर कळलं.

दोन दिवसांनी मी लखनौला परतलो. रजा संपली होती.

हे सगळं मी राघवला सांगितलं. का, कोण जाणे. त्याचं काम बघताना माणूस खोटं बोलू शकत नाही. तो जमिनीवर वर्तमानपत्र पसरतो आणि एकेक भाग निघेल तसा मांडतो, डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ. परत लावताना शेवटून उलटा वाचत जातो. मी म्हणालो, ही तर कविता झाली. तो म्हणाला, "बाबूजी, कविता में एक पेंच बच जाए तो चलता होगा, इसमें नहीं चलता." मी म्हणालो, कवितेतही चालत नाही.

आमच्या या इंजिनाचा जेट जागेवर होता, फक्त तुंबलेला. मी सुलभाची शिवणाची सुई पुढे केली. राघवने माझा हात धरला. "सुई मत डालिएगा, छेद बड़ा हो जाएगा. फिर ज़िंदगी भर ज़्यादा पिएगा." मग विजेच्या वायरीतून केसाएवढा एक तांब्याचा तंतू ओढून काढला आणि तो त्या भोकातून असा नेला, लहान मुलाचा कान साफ करावा तसा. पाणी खेचणारी रबरी फिरकी सडली होती, ती जुन्या पट्ट्यातून कात्रीने कापून केली. मोडकं पातं वेल्डिंगवाल्याकडून सांधून आणलं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून, दोरी हळू फिरवून आतलं ऐकलं. दहा दिवस. मध्येच नुसतं तळवा ठेवून बसायचा. तेव्हा मी दुसरीकडे बघायचो, कारण मला तूच बसलास असं वाटायचं.

माझं सगळं ऐकून झाल्यावर त्याने एकच विचारलं. "भाई को पता था?"

मी म्हणालो, "नहीं."

"बाबूजी," तो म्हणाला, "जिसको इंजन का पता होता है, उसको सब पता होता है."

तेव्हापासून झोप नाही.

आता ऐक. ९ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी दहाला, मी ते इंजिन आमच्या अंगणात पाण्याच्या पिंपात उभं करून चालू करणार आहे. तुझा नंबर माझ्याकडे नाही. माझा पाकिटामागे लिहिला आहे. बोलू नकोस. एक मिस्ड कॉल दे फक्त. मी लावीन आणि मोबाईल इंजिनाजवळ धरीन. रॉकेलवरून पेट्रोलवर येताना तो आवाज तू ऐकावास, एवढीच इच्छा आहे. माफी मागायची तर ती कोणत्या तोंडाने, म्हणून हे.

दादा


९ नोव्हेंबर २०२५, सकाळी साडेआठ

चि. आत्मारामास,

पिंप भरून झालं. निळं, दोनशे लिटरचं. त्याच्या काठाला सागाची फळी ठोकली आहे, तिच्यावर इंजिन अडकवलं आहे. लांब पाय पाण्यात. बगळा पुन्हा पाण्यात उभा राहिला.

रॉकेल लखनौत आता कुठे मिळत नाही. रेशनवरही बंद. राघवकडे भाग धुवायला ठेवलेला एक डबा होता, त्यातलं दोन लिटर त्याने आणून दिलं, आणि म्हणाला, मी थांबत नाही, "ये आप लोगों के घर का मामला है." चहासुद्धा घेतला नाही. असला माणूस आहे. त्याला मी इतकं सांगितलं आणि त्याने माझ्याकडे बघायची नजर बदलली नाही.

मोबाईल चार्ज करून पेरूच्या फांदीच्या बेचक्यात ठेवला आहे. सुलभा म्हणते, "सारखं बघू नका, बघितल्याने वाजत नाही."

दुपारी बारा

दहा वाजले. सव्वादहा झाले. फोन आला नाही.

साडेदहाला मी म्हणालो, चालू करतो. सुलभा म्हणाली, "करा."

तळवा ठेवला. बाबा ठेवायचे तसा, तू ठेवायचास तसा. काही ऐकू आलं नाही मला, माझ्या हाताला कान नाहीतच. पण हिसका नीट बसला. पहिला नाही. दुसरा नाही. तिसऱ्याला ते पेटलं, आतू! पिंपातलं पाणी उसळलं, माझा लेंगा भिजला, पेरूवरचे पोपट उडाले, शेजारचे मिश्राजी गच्चीवरून "क्या हुआ तांडेल साहब?" म्हणून ओरडले. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. मी टाळ्या वाजवत होतो. लगागा लगागा. सुलभा हसून हसून पायरीवर बसली.

तापल्यावर रॉकेलवर टाकलं. तोच घोगरा आवाज. घोंगडीतला खोकला. साठ वर्षांपूर्वीचा, अगदी तोच. मी डोळे मिटून उभा राहिलो. काळा खडक समोर आला. फोनकडे पाहिलं. तो गप्प.

मग मी म्हणालो, आता आणू घरी. तोटीवर हात ठेवला.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

सुलभा ओरडली, "अहो, कुणीतरी आहे!" घंटा पुन्हा वाजली. पोस्टमन रविवारी येत नाही. पण मी पाय हलवले नाहीत. म्हणालो, "थांबू दे. आधी हे." रॉकेलची तोटी बंद केली, पेट्रोलची उघडली, आणि तिथेच उभा राहिलो. वाटीतलं सगळं रॉकेल जळून जाईपर्यंत. पूर्ण पाच मिनिटं, घड्याळ लावून. घंटा तिसऱ्यांदा वाजली नाही. आवाज बदलला. मोकळा झाला. स्वच्छ, आपल्या खाडीवर यायचा तसा. तेव्हा बंद केलं.

मग दार उघडलं.

दारात तुझी बायको, चेतना, उभी आहे, आत्माराम. एकटी. केस पांढरे, खांद्याला कापडी पिशवी, पायात प्रवासाची धूळ. मी तिला किटली घेऊन उभी असलेलीच ओळखत होतो. म्हणाली, "भावोजी, आता पेट्रोलवर आणलंत. बाहेर उभी राहून ऐकलं मी."

मी म्हणालो, "आत ये." ती आली नाही. पिशवीतून माझी चारही पत्रं काढली.

"ते फोडत नाहीत. पंचांगाखाली फळीवर ठेवतात. दादाची आहेत, जपून ठेव म्हणाले. मी फोडली." मग म्हणाली, "छत्तीस वर्षं मी त्यांना काय नाही बोलले, भावोजी. एक इंजिन सांभाळता आलं नाही तुम्हाला, असं मी म्हणाले. लाँचवर असता तर पूर्वाला शहरात शिकवलं असतं, म्हणाले. चारचौघांत म्हणाले, भांडणात म्हणाले. तुम्ही साहेब. तुम्ही सांगितलं ते मी खरं धरलं. आणि त्या माणसाने एकदाही, माझ्याजवळसुद्धा, मी नव्हे असं म्हटलं नाही."

"त्याला ठाऊक होतं?"

"चौथं पत्र वाचलं आणि मग विचारलं. म्हणाले, वास आला होता. मग बोलला का नाहीत? तर म्हणतात, दादा एवढा शिकलेला, सगळ्या लोकांसमोर त्याला खाली कसं बघायला लावू."

आतू.

सुलभा पाणी घेऊन आली. तुझ्या बायकोने घेतलं नाही. म्हणाली, "वहिनी, राग नाही. आधी कामाचं बोलू दे. पूर्वाकडे पुण्याला जाते सांगून आले आहे मी, ते वाट बघतील. मंगळवारची तीन तिकिटं काढली आहेत. भावोजी, तुम्ही धक्क्यावर बोलला होतात. धक्क्यावर येऊन बोला. त्या दिवशी उभे होते त्यातले सहा जण अजून आहेत. मी मोजून आले."

मी म्हणालो, "येतो."

"तोंडी नको," ती म्हणाली. "तोंडी तुम्ही तेव्हाही बोललात. लिहा. पत्रं छान लिहिता तुम्ही."

म्हणून हे मी दारातच, विजेच्या मीटरच्या पेटीवर कागद टेकवून लिहितो आहे. ती बघते आहे.

मी, रमाकांत तांडेल, आपल्या धक्क्यावर येऊन, त्या सहा जणांसमोर आणि आणखी जे असतील त्यांच्यासमोर सांगेन की इंजिन संपलं नव्हतं. ते मी रॉकेलवर बंद केलं, जेट मी हरवला आणि दोष माझ्या भावाला दिला. त्याने ते इंजिन बाबांपेक्षाही चांगलं सांभाळलं होतं. हे पत्र मी स्वतः फोडून त्याला वाचून दाखवीन, आणि बरोबर इंजिन आणीन. ते चालू मात्र त्याने करायचं.

तिने वाचलं. 'बाबांपेक्षाही' या शब्दावर बोट ठेवून थोडी थांबली.

आता पिशवी उचलली तिने. आत येते आहे.